रिकाम्या जागेचे पैसे

भालकी, औराद, बसवकल्याण, हुमनाबाद आणि तिकडे कलबुर्गी जिल्ह्यातलं आळंद या पट्ट्यात जुनी गाडी घ्यायचं एखाद्याच्या मनात आलं, की ते मनात फार काळ टिकत नाही. संध्याकाळपर्यंत ते किराणा दुकानात गेलेलं असतं, दुसऱ्या दिवशी आडतीवर, आणि आठवड्याच्या आत उदगीरच्या मेहुण्याचा फोन येतो, "घ्यायचीच होती तर आधी मला विचारायचं की हो!" मग सल्ले सुरू होतात. ज्याच्याकडे गाडी आहे तो म्हणतो, माझ्यासारखी घ्या. ज्याने नुकतीच विकली तो म्हणतो, ती सोडून कुठलीही घ्या. ज्याने आयुष्यात सायकलीपलीकडे काही घेतलं नाही त्याचा सल्ला सर्वांत सविस्तर असतो, कारण त्याला अनुभवाचा अडथळा नसतो. आम्हा सीमाभागवाल्यांची अडचण अशी की हे सल्ले चार भाषांत मिळतात. मायलेजची चर्चा मराठीत, कागदपत्रांची कन्नडमध्ये, किमतीची घासाघीस दखनीत, आणि हैदराबादच्या बाजारात हीच गाडी किती स्वस्त आहे हे जहीराबादकडचे पाहुणे तेलुगूत सांगतात. चारही भाषांत रंगाचं होतं, हॉर्नचं होतं, टायरचं होतं. गाडीत घालायचं काय, हा प्रश्न मात्र एकाही भाषेत विचारला जात नाही.

तो विचारला तर उत्तर सोपं आहे. आमच्याकडे गाडीत माणसं घालायची असतात आणि माणसांपेक्षा जास्त सामान. तुळजापूर, गाणगापूर, माणिकनगर, खानापूरचा मैलार, यांपैकी कुठेही निघालेलं कुटुंब पाहावं. नैवेद्याचं भांडं, सतरंजी, पाण्याचा जार, आजीची वेगळी उशी, आणि वाटेत लेकीच्या घरी टाकायचा तुरीचा कट्टा. कट्टा पन्नास किलोचा असतो. तो डिकीत जातो, पण मग डिकी लागत नाही. मग सुतळी येते. झाकण अर्धं उघडं, सुतळीने बंपरला बांधलेलं, आणि मागे बसलेला मामा अख्खा रस्ता मान वळवून सुतळीकडे बघत असलेला, अशी गाडी राष्ट्रीय महामार्ग 65 वर दिसली की ती सोलापूरकडून आली की हैदराबादकडून, हे विचारायची गरज नाही. आत बसलेले सगळे एकच वाक्य म्हणत असतात, "जरा मोठी गाडी घ्यायला पाहिजे होती." या गरजेला नेमकी बसणारी गाडी जगात शंभर वर्षांपासून आहे. तिला स्टेशन वॅगन म्हणतात, विलायतेत इस्टेट. साध्या मोटारीचंच छप्पर शेवटपर्यंत सरळ मागे नेलेलं, मागे उभं दार, आणि जमिनीपासून बुटका असा सपाट तळ. कट्टा उचलायचा तो फक्त गुडघ्याच्या वर. माझं म्हणणं एवढंच, की चार-पाच लाखांत भरवशाची जुनी गाडी हवी असलेल्या सीमाभागातल्या माणसाने पेट्रोलवरची स्टेशन वॅगन घ्यावी. आणि ती घ्यायचं सर्वांत मोठं कारण, ती कोणालाच नको असते, हे आहे.

कोणालाच नको असते हे मी रागाने म्हणत नाही, त्याला इतिहासाचा आधार आहे. भारतात स्टेशन वॅगन विकायचा प्रयत्न कंपन्यांनी एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा केला. अ‍ॅम्बॅसिडरचीही लांब पाठीची आवृत्ती होती, आणि ती लोकांनी बहुतेक रुग्णवाहिका म्हणूनच ओळखली. 1992 साली टाटांनी चक्क 'इस्टेट' याच नावाची गाडी काढली. मोठी, मजबूत, आतून ऐसपैस. लोकांनी पाहिली, कौतुक केलं आणि दुसरी घेतली. मग मारुतीने बलेनोला मागे छप्पर वाढवून अल्टुरा आणली, 1.6 लिटरचं गुळगुळीत पेट्रोल इंजिन घालून. 2007 साली बलेनोच्या कुटुंबाची जागा एसएक्सफोरने घेतली, आणि अल्टुरा गेली हे कोणाच्या फारसं लक्षातही आलं नाही. फियाटने सिएनाची वीकेंड काढली. आमच्याकडे वीकेंड म्हणजे आठवडी बाजार, हे त्यांना कोणी सांगितलं नसावं. ओपेलने कोर्सा स्विंग आणली, आणि 2006 मध्ये ओपेलच भारतातून गेली. 2004 मध्ये टाटांनी पुन्हा हिंमत केली आणि इंडिगो मरिना काढली, तीही पेट्रोल आणि डिझेल अशी दोन्ही इंजिनं देऊन. स्कोडाने ऑक्टाव्हिया कॉम्बी आणली. एवढ्या कंपन्या, एवढी वर्षं, एवढ्या जाहिराती, आणि निकाल दरवेळी तोच. लोक शोरूममध्ये यायचे, मागचं दार उघडायचे, आत वाकून बघायचे, "लई जागा हाय की!" म्हणायचे, आणि शेजारची सेदान बुक करायचे.

याचं नेहमीचं स्पष्टीकरण असं, की स्टेशन वॅगन शववाहिनीसारखी दिसते. हे स्पष्टीकरण मला पटत नाही. ज्या समाजात नवरदेवाची जीप आणि प्रचाराची जीप एकच असते, आणि सकाळी चारा वाहिलेल्या टेम्पोतून संध्याकाळी वऱ्हाड जातं, तो समाज एवढा शकुनाचा असेल असं वाटत नाही. खरं कारण हिशेबाचं आहे. सेदानची डिकी बाहेर निघालेली असते. ती दाराशी उभी असताना दिसते, आणि जे दिसतं त्याचे पैसे द्यायला आपण तयार असतो. स्टेशन वॅगनमध्ये मिळते ती नुसती रिकामी जागा. रिकाम्या जागेचे पैसे आपण प्लॉट सोडून दुसऱ्या कशातही देत नाही. "लाखभर जास्त देऊन मिळालं काय?" असं सासऱ्यांनी विचारलं तर "पोकळी" असं उत्तर कोणत्या जावयाला देता येईल? सरकारलाही हा स्वभाव बरोबर ठाऊक असावा. 2006 च्या अर्थसंकल्पात चार मीटरपेक्षा आखूड आणि लहान इंजिनाच्या मोटारींचं उत्पादन शुल्क 24 वरून 16 टक्क्यांवर आणलं, आणि देशभरातल्या गाड्यांच्या शेपट्या कापल्या जाऊ लागल्या. 2008 मध्ये इंडिगोची आखूड सीएस आली. 2012 मध्ये डिझायरला कापून 3995 मिलिमीटरवर बसवलं. ज्या जागेत आजीची उशी जायची ती जागा करात वाचली. तरीही गाडीला मागे बोटभर का होईना डिकी दिसलीच पाहिजे, हा हट्ट सुटला नाही. म्हणून रस्त्यावर आज अशा मोटारी आहेत ज्यांची डिकी बघून वाटतं, कारागिराला मध्येच जेवायला बोलावलं.

मग स्टेशन वॅगन मेली का? नाही. तिने वेश बदलला. एप्रिल 2012 मध्ये मारुतीने एर्टिगा आणली. स्विफ्टचाच तळ ताणून लांब केलेला, छप्पर सरळ मागेपर्यंत, मागे उभं दार, लांबी 4265 मिलिमीटर. म्हणजे अंगाखांद्याने स्टेशन वॅगनच. फरक एवढाच केला, की मागच्या रिकाम्या जागेत दोन छोट्या सीटा बसवल्या. त्या सीटांवर प्रौढ माणसाचे गुडघे हनुवटीला लागतात, आणि त्या उभ्या असताना पहिल्या एर्टिगात मागे उरणारी जागा 135 लिटर, म्हणजे उशी आली तर नैवेद्याचं भांडं मांडीवर. पण आता सासऱ्यांच्या प्रश्नाला उत्तर होतं, "सात सीट!" तीच जागा, तेच छप्पर, तेच पैसे, पण आता त्यात मोजता येण्याजोगं काहीतरी होतं. जे मरिनाला जमलं नाही, अल्टुराला जमलं नाही, ते दोन बाकड्यांनी जमवलं. देशाने एर्टिगा डोक्यावर घेतली. मग होंडाने 2014 मध्ये मोबिलिओ आणली, डॅटसनने चार मीटरच्या आत सात सीटा कोंबून गो प्लस आणली, आणि 2019 मध्ये रेनोची ट्रायबर आली. भारतीय माणसाने स्टेशन वॅगन नाकारली असं जे म्हणतात त्यांनी नीट बघावं. त्याने नाकारली ती पोकळी. तिच्यात बाकडं टाकल्यावर त्याने ती आनंदाने घेतली, घरी आणली, आणि पहिल्याच आठवड्यात बाकडं पाडून मागे कट्टा टाकला.

इथे जाणकार माणूस हरकत घेतो. तो म्हणतो, ही स्टेशन वॅगन नव्हे, ही एमपीव्ही. जाणकाराचं बरोबर आहे. पण कट्टा जाणकार नसतो. त्याला बुटका तळ, उभं दार आणि लांब छप्पर एवढंच कळतं, आणि तिसरी रांग पाडल्यावर ते तिन्ही इथे आहेत. नोव्हेंबर 2018 च्या दुसऱ्या पिढीतल्या एर्टिगात तिसरी रांग पाडली की 209 लिटरची जागा 550 लिटर होते, आणि विलायतेतल्या मध्यम इस्टेट मोटारी साधारण एवढ्यावरच मिशीला पीळ देतात. जाणकाराला अस्सलच हवी असेल तर बाजारात अजूनही एखादी मरिना सापडते. तिचे बरेच सुटे भाग इंडिकाचे, आणि इंडिकाचे भाग आमच्याकडे कोणत्याही तालुक्याच्या गावी मिळतात. पण मरिना असो की अल्टुरा, पंधरा वर्षं उलटून गेलेली. म्हणजे नोंदणीचं नूतनीकरण, दर पाच वर्षांनी पुन्हा तेच, आणि दर वेळी गाडी धडधाकट असल्याचा पुरावा, जो गाडीच्या मालकालाही देता येणार नाही. ऑक्टाव्हिया कॉम्बी मिळाली तर तिला नमस्कार करावा आणि पुढे जावं. तिचा एक भाग बिघडला की आधी हैदराबादला फोन, मग सोलापूरला फोन, आणि शेवटी बँकेला.

दुसरी हरकत जास्त जोरात येते, आणि ती नेहमी उभ्याने घेतली जाते. "पेट्रोल? येडे झालात का? डिझेल घ्या डिझेल!" डिझेलवर आमच्या भागाची श्रद्धा आहे, आणि श्रद्धेला हिशेब दाखवायचा नसतो हे माहीत असूनही मी दाखवतो. घरगुती गाडी वर्षाला 8,000 किलोमीटर चालते असं धरा. पेट्रोलची गाडी लिटरला 14 देते, डिझेलची 18, असंही धरा. पेट्रोल 103 रुपये आणि डिझेल 91 रुपये लिटर धरलं तर पेट्रोलला वर्षाला सुमारे 59,000 लागतात आणि डिझेलला 40,500. फरक साडेअठरा हजारांचा, महिन्याला दीड हजार. आता याच पिढीच्या डिझेल गाडीचे इंजेक्टर बिघडले की दोन-तीन वर्षांची ही बचत एका दुपारी गॅरेजवाल्याच्या खिशात जाते, आणि टर्बोची दुपार वेगळी. शिवाय जुन्या बाजारात डिझेलला मागणी म्हणून तिची किंमत आधीच वर. पण खरा मुद्दा याहून मोठा आहे. डिझेल एर्टिगा कोणी घेतली होती? ज्याला ती पळवायची होती त्याने. टॅक्सीवाल्याने, ट्रॅव्हल्सवाल्याने, रोज कलबुर्गी-हैदराबाद करणाऱ्याने. पेट्रोल एर्टिगा घेतली ती ज्याला पळवायची नव्हती त्याने: बँकेतल्या माणसाने, मास्तराने, निवृत्तीला आलेल्या इंजिनिअरने, जो रविवारी कापडाने तिचे आरसे पुसतो आणि पाऊस आला की बाहेरच काढत नाही. ज्या गाडीची मागणी कमी तिची किंमत कमी, आणि जिची चाल कमी तिचं आयुष्य बाकी. या दोन गोष्टी एकाच गाडीत सापडणं म्हणजे लॉटरी, पण लोक डिझेल डिझेल करत त्या गाडीसमोरून निघून जातात. डिझेलवाल्याचं शेवटचं अस्त्र असं असतं, की "पिकअप बघा!" पिकअप बघितला. भालकीच्या बाजारातून बुधवारी गाडी बाहेर काढायला पिकअप लागत नाही, हॉर्न लागतो.

इथेनॉलवाले मात्र विचार करायला लावतात. पेट्रोलमध्ये आता 20 टक्के इथेनॉल असतं, आणि 2012-15 च्या गाड्या त्यासाठी बनलेल्या नाहीत. मायलेज थोडं उतरतं हे खरं. रबराच्या नळ्या आणि वॉशर जुने झाले असतील तर आधीच बदलून घ्यावेत हेही खरं. पण बीदर जिल्ह्यातल्या माणसाने इथेनॉलला नावं ठेवणं जरा जड जातं. ऊस त्याचाच. ज्या शेतकऱ्याच्या उसाचं बिल कारखान्याकडून यायचं बाकी आहे, त्याने पंपावर त्याच उसाचे रोख पैसे मोजायचे, हा प्रसंग इंजिनिअरिंगचा नाही.

तिसरी हरकत उंचीची. "आपल्याकडचे रस्ते काय, शेताचे रस्ते काय, आपल्याला एसयूव्हीच पाहिजे." काळ्या मातीचा चिखल पाहिलेल्या माणसाला ही हरकत तोंडावर फेटाळता येत नाही. भरलेली एर्टिगा मागून बसते, आणि गतिरोधकावर पोट घासते. आमच्याकडे गतिरोधक गावाच्या इभ्रतीप्रमाणे बांधतात, म्हणजे उंच. पण श्रावणात भिजलेल्या काळ्या रानात एसयूव्ही तरी जाते का? तीही डांबरी सडकेवरच उभी राहते, फक्त जास्त उंचीवरून शेत बघते. तिथून पुढे माणूस चालतच जातो, चप्पल हातात घेऊन. आणि कट्टा? एसयूव्हीचा तळ कमरेच्या वर. तिथवर पन्नास किलो उचलायला दोन माणसं लागतात, आणि त्यातला एक नेहमी "पाठ धरली" म्हणून बाजूला होणारा असतो. चार मीटरच्या आतल्या ज्या एसयूव्ही आमच्याकडे डौलाने फिरतात, त्यांच्या डिकीत कट्टा आडवा जात नाही, उभा जातो, आणि मग दार लागत नाही. मग पुन्हा सुतळी. दहा-बारा लाखांची गाडी आणि वीस रुपयांची सुतळी, हे दृश्य कोणत्याही जत्रेच्या पार्किंगमध्ये फुकट बघायला मिळतं.

असो. गाडी कोणती हे ठरलं, आता ती कोणाची हे ठरवायचं. जुन्या बाजारात विकायला असलेली प्रत्येक गाडी डॉक्टरची असते. "एक हात की गाडी है साब, डॉक्टर साब की. घर से दवाखाना, दवाखाने से घर." बीदर, हुमनाबाद, कलबुर्गी, उदगीर, जिथे जाल तिथे हेच. या गाड्या खरंच डॉक्टरांच्या असत्या तर या भागात एकही पेशंट तपासायचा राहिला नसता, नाहीतर एकेका डॉक्टरच्या नावावर तीस-तीस गाड्या निघाल्या असत्या. शिवाय या डॉक्टरांचे दवाखाने घराच्या इतके जवळ असतात, की दहा वर्षांत गाडी 42,000 किलोमीटरच चाललेली असते. मीटरचा आकडा हा विक्रेत्याचा शब्द समजावा, गाडीचा नव्हे. गाडीचा शब्द ब्रेकच्या पेडलवर असतो. बेचाळीस हजारांत त्यावरचं रबर गुळगुळीत होत नाही, स्टेअरिंगची कड चकाकत नाही, ड्रायव्हरची सीट एका बाजूला खचत नाही. कंपनीच्या वर्कशॉपमध्ये सर्व्हिसची नोंद निघते, त्यात दर वेळचे किलोमीटर असतात. तेही सोडा, सरळ तिसरी रांग बघा. आपला माणूस नव्या गाडीच्या सीटचं प्लास्टिक काढत नाही, हा देशाच्या मोटार उद्योगाला ठाऊक असलेला सर्वांत भरवशाचा नियम आहे. दहा वर्षांच्या एर्टिगात मागच्या सीटचं प्लास्टिक अजून शाबूत असेल, पिवळं पडून तडकलेलं का असेना, तर विकणारा खरंच घरगुती माणूस आहे. ते प्लास्टिक नसेल, सीटचं कापड रंगाने वेगळं असेल आणि पुढच्या खिडकीखाली विड्याच्या पिकेचे ओघळ पुसल्याच्या खुणा असतील, तर डॉक्टरसाहेब तिचा वापर सोलापूर लाइनवर करत होते.

आणि हे सगळं बघायचं सोडून आपण बघतो काय? दार आपटतो. टायरला लाथ मारतो. हॉर्न वाजवतो. गाणी लावतो, आणि आवाज छातीत घुमला की "इंजिन दमदार आहे" म्हणतो. बरोबर नेलेला मेकॅनिक बॉनेट उघडायला सांगतो तेव्हा आपण बॉनेटखाली वाकतो, गंभीर चेहऱ्याने मान हलवतो, आणि बॅटरीकडे बघून "ठीक वाटते" म्हणतो. आम्हाला तेवढाच भाग नावाने ओळखता येतो. खरं तर सकाळी जावं, न सांगता. सांगून गेलं की गाडी आधीच चालू करून गरम ठेवलेली असते, आणि गरम इंजिन कोणतीही लबाडी लपवतं. थंड इंजिन चालू होताना मागून निळसर धूर आला तर ते ऑइल पितं आहे. ऑइलचं झाकण उघडून आत ताकाच्या रंगाचं काही दिसलं तर पाणी शिरलं आहे, तिथून परत फिरावं. सगळ्या काचांवरची बारीक अक्षरं एकाच काळातली आहेत का बघावं; एखादी वेगळी निघाली तर त्या काचेचा इतिहास विचारावा, आणि विक्रेत्याने "चिमणी धडकली" असं सांगितलं तर चिमणीचं वजन विचारावं. ऑक्टोबर 2020 मध्ये हैदराबाद पाण्यात गेलं होतं, आणि तेव्हाच्या पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्या काही कायमच्या त्या शहरातच राहिल्या असतील असं समजायचं कारण नाही. सीट बेल्ट पूर्ण शेवटपर्यंत ओढावा. गाडी कितीही धुतली तरी बेल्टच्या शेवटच्या वीतभरातला गाळ धुवायचं कोणाच्या लक्षात येत नाही.

या सगळ्यातून गाडी पास झाली तरी कागद असतात, आणि सीमाभागात कागद म्हणजे तीन राज्यं. जहीराबादची गाडी तेलंगणाच्या पाटीची, उदगीरची एमएच 55, लातूरची एमएच 24, आणि आपल्याकडे बीदरची केए 38, भालकीची केए 39, बसवकल्याणची केए 56, कलबुर्गीची केए 32. एका जिल्ह्यात तीन आरटीओ आणि तरी माणूस हैदराबादला जाऊन गाडी आणतो, कारण तिथे ती लाखाने स्वस्त असते. ती स्वस्त का असते हे त्याला नंतर कळतं. दुसऱ्या राज्यातली गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ ठेवायची तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 47 प्रमाणे इथला नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी तिथलं ना-हरकत प्रमाणपत्र लागतं आणि इथला आजीवन कर भरावा लागतो. कर्नाटकात नव्या गाडीला तो किमतीच्या 13 ते 18 टक्के आहे. जुनीला वयाप्रमाणे कमी, पण एवढा नक्की की लाखाची बचत आटते. तिथल्या राज्यात भरलेला कर परत मागता येतो असं म्हणतात. मागता येतो, यात शंका नाही. आणि कागद कितीही "क्लिअर" असले तरी विचारायचा एक प्रश्न राहतोच.

"मालकाची सही?"

"होऊन जाईल साब. मालिक दुबई में हैं, आते रहते."

या मालकाची वाट बघत आमच्या भागात काही गाड्यांनी आयुष्य काढलं आहे. फॉर्म 29 आणि 30 वर सही, कर्ज असेल तर फॉर्म 35 आणि बँकेचं पत्र, आणि विमा आपल्या नावावर, एवढं हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नयेत. म्हणून माझा कल केए 38, 39 नाहीतर 56 च्या गाडीकडे. थोडी महाग, पण मालक गावातला असतो, आणि गाडीत खोट निघाली तर त्याच्याशी पुढची वीस वर्षं प्रत्येक लग्नाच्या पंगतीत समोरासमोर बसावं लागणार हे त्यालाही माहीत असतं. जुन्या गाडीला याहून पक्की वॉरंटी कोणतीही कंपनी देत नाही.

राहिली शेवटची हरकत, जी कोणी बोलून दाखवत नाही पण तीच खरी असते. सात सीटची गाडी घेतली की गल्लीला ती सात सीटची आहे हे कळतं. मग तुळजापूरला जाताना "दोनच माणसं आहोत आम्ही, मागे बसू" असं म्हणत पाच जण येतात. तिसरी रांग कायमची पाडून तिच्यावर जाड गादी आणि गादीवर रिकामं पिंप ठेवावं, आणि विचारलं तर सीटची क्लिप तुटली आहे, भाग मागवला आहे, असं सांगावं. हे खोटं वर्षानुवर्षं टिकतं, कारण आमच्याकडे मागवलेला भाग आला असं कधी कोणी ऐकलेलं नसतं. आणि गाडी घ्यायची वेळ? पितृपक्ष. त्या पंधरवड्यात आमच्याकडे कोणी गाडी बघतही नाही, दलाल दुपारी दुकानात झोपलेला असतो, आणि पेट्रोलची, पांढरी, सात सीटची गाडी मागणारा माणूस दिसला की उठून खुर्ची देतो. एरवी जो पाच हजारही सोडत नाही तो पंचवीस सोडतो. घरातून विरोध होईल, पितरांच्या दिवसांत गाडी कशी आणता म्हणून. त्यावर सांगावं की आणत नाही, फक्त टोकन देतोय. गाडी दसऱ्यालाच नावावर होईल, आयुधपूजेला दारात असेल. त्यात खोटं काही नाही. एनओसी, कर, सह्या, कार्ड हे सगळं होईपर्यंत दसरा येतोच. कोणत्या सालचा, ते एजंटाला विचारून घ्यावं.